व्हॉल्व्हचा जुना रेडिओ: आधी तपासणी, मग वीज



पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी एखाद्याच्या घरी माळ्यावर लाकडी पेटीचा मोठा रेडिओ कापडात गुंडाळून ठेवलेला असेल. रेडिओशी या भागाचे नाते जुने आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. फिलिप्स कंपनीने १९५९ साली पुण्याजवळ रेडिओचा कारखाना काढला आणि १९७० साली पिंपरीत आणखी एक कारखाना सुरू केला. पिंपरीचा कारखाना २००६ साली बंद झाला, पण त्या काळातले रेडिओ अजून घरोघरी सापडतात.

असा रेडिओ हाती आला की पहिली इच्छा होते ती प्लग लावून पाहण्याची. नेमके तेच करायचे नाही. पुष्कळसे जुने रेडिओ पडून राहिल्यामुळे निकामी होत नाहीत. घाईने प्लग लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत निकामी होतात. शिवाय आतला दाब २५० ते ३०० व्होल्ट असतो. म्हणून वीज जोडण्याचे काम जाणकार शिक्षक किंवा अनुभवी मेकॅनिक यांनीच करावे. तुमचे काम आहे वाचणे, गणित मांडणे आणि विचार करणे.

व्हॉल्व्हचे नाव वाचा

फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला आणि १९०६ साली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र, म्हणजे ग्रिड, घातले. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन धन प्लेटकडे धावतात. वाटेतल्या ग्रिडवर थोडा ऋण दाब ठेवला की हा प्रवाह आवरला जातो. तो दाब किंचित बदलला तरी प्रवाह पुष्कळ बदलतो. यालाच विवर्धन म्हणतात.

व्हॉल्व्हच्या काचेवर ‘ईएल ८४’ किंवा ‘यूएल ८४’ असे नाव असते. ‘ई’ म्हणजे तंतूला ६.३ व्होल्ट लागतात. ‘यू’ म्हणजे तंतू १०० मिलिअँपिअर प्रवाहावर चालतो. ‘एल’ म्हणजे स्पीकरला शक्ती देणारा व्हॉल्व्ह. ‘यू’ जातीचे तंतू दिवाळीच्या माळेसारखे एकसरीत जोडलेले असतात. एक तुटला की सगळे विझतात.

आता एक गणित. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४ आणि यूवाय ८५ यांच्या तंतूंना अनुक्रमे १९, १९, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट लागतात. बेरीज १३५. घरचा दाब २३०, म्हणजे ९५ व्होल्ट उरले. ते खपवण्यासाठी ९५ ÷ ०.१ = ९५० ओहमचा रोध लागेल आणि त्यात ९.५ वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओची पाठ गरम का होते, ते यावरून कळेल.

या मांडणीत ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे विजेची एक तार थेट चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सारी चॅसी फेजवर येते. म्हणून नावांत ‘यू’ दिसला की सावध! अशा चॅसीला अर्थिंगची तार कधीही जोडू नये. दुरुस्तीच्या टेबलावर हा रेडिओ एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच चालवावा.

खरा दोषी कोण?

रेडिओ बंद पडला की लोक व्हॉल्व्हला दोष देतात. पण पन्नास-साठ वर्षांत बहुधा आधी बिघडतो तो कंडेन्सर, म्हणजे तुमच्या पुस्तकातले धारित्र. जुन्या कंडेन्सरांत मेणाचा किंवा तेलाचा कागद असे. त्यात ओल शिरते आणि तो थोडी वीज गळू देतो.

गळती थोडीच असली तर काय बिघडेल? आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर १०० व्होल्ट आहेत. तेथून एक कंडेन्सर ईएल ८४ च्या ग्रिडकडे जातो. ग्रिड आणि चॅसी यांच्यामध्ये ०.५ मेगओहमचा रोध आहे. कंडेन्सरचा रोध घसरून १० मेगओहम झाला, तर ग्रिडवर येणारा दाब असा:

१०० × ०.५ ÷ १०.५ = सुमारे ४.८ व्होल्ट

ग्रिड कॅथोडपेक्षा सुमारे ७ व्होल्ट ऋण असायला हवे. त्यातले ४.८ व्होल्ट गळतीनेच खाल्ले! कॅथोडच्या रोधामुळे थोडी भरपाई होते, तरीही प्रवाह वाढतो, व्हॉल्व्ह तापतो आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी सहज न मिळणारा भाग जातो. म्हणून हा कंडेन्सर वीज जोडण्यापूर्वीच बदलतात.

दुसरा दोषी म्हणजे वीजपुरवठ्यातला मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यात अॅल्युमिनिअम ऑक्साइडचा पातळ थर विसंवाहकाचे काम करतो. वर्षानुवर्षे दाब न मिळाल्याने हा थर झिजतो. अचानक पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर तापून फुटू शकतो.

तपासणीचा क्रम

१. प्लग काढलेला असतानाच धूळ मऊ ब्रशने झटकावी. तडकलेली रबरी वायर बदलावी.

२. रोध मीटरने मोजावेत. जुन्या कार्बन रोधांचे मूल्य बहुधा वाढलेले असते.

३. वरील दोन्ही प्रकारचे कंडेन्सर योग्य दाबाचे नवे घालावेत.

४. ट्रान्सफॉर्मरवाला रेडिओ प्रथम ६० वॅटचा बल्ब एकसरीत जोडून सुरू करावा. बल्ब तंतूचाच हवा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करावे. हा बल्ब रेडिओला वाचवतो, माणसाला नाही. आत हात घालायची परवानगी तो देत नाही.

५. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहतो. ५० मायक्रोफॅरड आणि ३०० व्होल्ट असतील तर ऊर्जा ½ × ०.००००५ × ३०० × ३०० = २.२५ ज्यूल. जाणकार माणूस १०,००० ओहमच्या रोधातून हा भार उतरवतो आणि मीटरने खात्री करून घेतो.

एरियल कोठे बांधावी?

रेडिओ बोलू लागला, पण खरखर ऐकू येते. कारखान्यांच्या पट्ट्यात हा प्रश्न मोठा आहे. वेल्डिंग, मोटारींच्या ब्रशच्या ठिणग्या, मोटारींचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे, घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर हे सर्व मध्यम लहरींवर गोंगाट करतात.

पुणे केंद्राची अनेक वर्षांची ओळख ७९२ किलोहर्ट्झ. तिची तरंगलांबी ३,००,००० ÷ ७९२ = सुमारे ३७९ मीटर. तिच्या चतुर्थांशाएवढी तार म्हणजे ९५ मीटर! एवढी कोणी बांधत नाही. १० ते १५ मीटर तार पुरते, कारण रेडिओत विवर्धन भरपूर असते. पण विवर्धक आवाज आणि खरखर दोन्ही सारखेच वाढवतो. म्हणून लांबीपेक्षा जागा महत्त्वाची.

समजा, चार्जर एरियलपासून २ मीटरवर आहे आणि प्रक्षेपक २० किलोमीटरवर. एरियल ८ मीटर दूर नेली तर प्रक्षेपकाच्या अंतरात नगण्य फरक पडतो. चार्जरचे अंतर मात्र पाचपट होते. लहान उगमाचे जवळचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे ते १२५ पट कमी व्हायला हवे. घरातील वायरिंग खरखर वाहून नेते, त्यामुळे एवढा लाभ होत नाही. तरीही फरक स्पष्ट ऐकू येतो. खोलीत टांगलेली तांब्याच्या जाळीची पट्टी आज कमी पडते, ती याच कारणाने.

तार गच्चीवर ताणावी. दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर लावावेत. विजेच्या तारांच्या वरून वा खालून ती कधीही नेऊ नये. तुटली तरी त्यांवर पडणार नाही अशी जागा निवडावी. खाली येणारी तार घरातील वायरिंगपासून दूर ठेवावी. घराबाहेर एरियल जमिनीला जोडणारे चाकू-बटन बसवावे आणि वळवाचे ढग दिसण्यापूर्वीच ते पाडून ठेवावे. थेट वीज कोसळली तर मात्र हे बटनही वाचवू शकत नाही.

करून पहा

सेलवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावा. घरात फिरा. कोठे खरखर वाढते ते घराच्या नकाशावर लिहा. एकेक दिवा आणि चार्जर बंद करून पुन्हा ऐका. सर्वांत शांत जागा सापडली की एरियल कोठे बांधायची ते ठरले.

आणि हे गणित सोडवा: वरच्या उदाहरणात कंडेन्सरचा रोध १०० मेगओहम असता, तर ग्रिडवर किती दाब आला असता? तो कंडेन्सर तुम्ही बदलला असता का? उत्तराचे कारण लिहून शिक्षकांना दाखवा.