पेरजागड चढताना: काय करावे, काय टाळावे

सावलीहून सिंदेवाहीमार्गे तळोधी (बाळापूर) गाठलं, की नागभीड तालुक्यातला पेरजागड जवळच आहे. सात बहिणींचा डोंगर तो हाच. चढ मध्यम, चालण्याची सवय असलेल्याला सहज जमणारा. पण वरच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि मधमाश्यांच्या हल्ल्यात इथे माणसं दगावली आहेत. म्हणून या यादीत माश्यांचा मान पहिला.

काय करावे

- निघण्याआधी वनविभागाकडे आणि पायथ्याच्या गावात चौकशी करा: वाट खुली आहे का, माश्या उठल्यात का, वाघ कुठे दिसला. गावकरी 'आज नको' म्हणाले तर हट्ट न करता घोडाझरी तलावाकडे वळा.
- हिवाळ्यातच या. धानाची कापणी सरत आलेली असते, हवा स्वच्छ असते. वरून बांध्या, बोड्या आणि पलीकडचं जंगल लांबवर दिसतं. एप्रिल-मेमध्ये हा खडक भाजून काढतो.
- फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गळ्यात दुपट्टा हवाच.
- माश्या अंगावर आल्याच तर दुपट्ट्याने तोंड-डोकं झाकून, पाय सांभाळत, मोहोळापासून दूर निघा आणि गाडी किंवा बंद जागा गाठा. काटे नखाने चटकन खरवडून काढा. चावे जास्त असतील, सूज आली किंवा धाप लागली, तर थेट दवाखाना.
- जंगलातल्या वाटेवर चार-पाच जण मिळून, बोलत चाला. कड्याजवळ मात्र आवाज बंद.

काय टाळावे

- धूर. अगरबत्ती, विडी, चूल, काहीच नको. डोंगरावरच्या देवीला हात जोडा, नारळ वाहा. उदबत्तीवाचून श्रद्धा कमी होत नाही.
- अत्तर, सेंट, फटाके, गाणी, मोहोळावर दगड. एकाची मस्ती मागून येणाऱ्या म्हाताऱ्या यात्रेकरूला भोवते.
- अंगावर बसलेली माशी चिरडणं. त्या वासाने बाकीच्या धावून येतात.
- माश्यांपासून वाचायला पाण्यात उडी मारणं. डोकं वर काढेपर्यंत त्या घोंगावत राहतात.
- पहाट आणि संध्याकाळ. हा ब्रह्मपुरी वनविभागाचा वाघांचा पट्टा आहे. झुडपाआड एकट्याने वाकून बसणं तर कधीच नाही.
- मोहफुलांच्या दिवसांत मोहाखाली रेंगाळणं. तिथे अस्वलं येतात. फुलं वेचणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू नका. ते त्यांचं कमाईचं काम आहे.
- पाण्याच्या बाटल्या, खर्र्याच्या पन्न्या वर टाकणं. नेलेलं सगळं खाली आणा.