दुखरा खांदा आणि वजनांची उचल-ठेव

खांद्याच्या दुखापतीनंतर वजनांचा व्यायाम कसा चालू ठेवावा, याचा विचार बहुधा व्यायामप्रकारांपुरताच केला जातो. कोणता प्रकार चालेल आणि कोणता वर्ज्य मानावा याची यादी तयार होते आणि ती पाळली की सांधा सुरक्षित राहील असे गृहीत धरले जाते. परंतु रॅकवरून रॉड काढणे, डंबेल मांडीवरून छातीपाशी आणणे, सेट संपल्यावर ते खाली ठेवणे, प्लेट खुंटीवर अडकवणे या हालचालींचा भारही त्याच सांध्यावर पडतो, आणि व्यायामाच्या वहीत त्यांची नोंद कुठेच होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या उजव्या खांद्यातील एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, अंशतः फाटल्याचे निदान झाल्यानंतरच्या काळात सर्वाधिक वेदना ज्या दिवशी होत, त्या दिवशीचे व्यायाम अनेकदा अगदी विनातक्रार पार पडलेले असत. कारणाचा शोध शेवटी प्लेटांच्या स्टँडपाशी थांबला, आणि तेथून साधनांकडे पाहण्याची सारी दृष्टीच बदलावी लागली.

दंडाच्या हाडाचे गोल टोक पाठीवरील फऱ्याच्या हाडाच्या एका उथळ खोबणीवर टेकलेले असते. खोबणी उथळ असल्यामुळे हात जवळपास सर्व दिशांना फिरतो, पण त्याच कारणाने सांध्याला स्थैर्य देण्याचे काम हाडांऐवजी मऊ ऊतींवर येऊन पडते. हे काम मुख्यतः रोटेटर कफ या नावाने ओळखला जाणारा चार स्नायूंचा आणि त्यांच्या कंडरांचा समूह करतो. त्यांपैकी वरच्या बाजूने जाणारी सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वाधिक वेळा दुखावते. अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी 1972 मध्ये असे प्रतिपादन केले की, हात वर नेताना ही कंडरा वरच्या हाडाखाली घासली जाते. पुढे अनेक दशके त्या हाडाचा भाग तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया प्रचलित राहिली. ‘लॅन्सेट’मध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मात्र, हाड तासलेल्या रुग्णांत आणि केवळ दुर्बिणीने सांधा पाहून हाड तसेच ठेवलेल्या रुग्णांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, तो असा की एखादा कोन जन्मभर निषिद्ध आहे असे मानण्याऐवजी त्या कोनात कंडरेवर किती भार येतो आणि तो सोसण्याची तिची आजची क्षमता किती आहे, हे पाहणे अधिक योग्य ठरते.

भार म्हणजे केवळ किलोचा आकडा नव्हे. वजन सांध्यापासून जितके दूर, तितका त्याचा पीळ जास्त, आणि या पिळालाच भौतिकीत परिबल म्हणतात. 10 किलोचे डंबेल सरळ हाताने बाजूला, जमिनीला समांतर धरले आणि ते सांध्यापासून 60 सेंटिमीटरवर असले, तर खांद्यावर सुमारे 59 न्यूटन-मीटर परिबल येते. कोपर दुमडून तेच डंबेल 30 सेंटिमीटरवर आणले की ते निम्मे होते. दुखऱ्या खांद्याने असा सरळ हाताचा व्यायाम कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. परंतु 20 किलोची प्लेट एका हाताने धरून, अर्धा मीटर पुढे असलेल्या खुंटीवर खांद्याच्या उंचीला अडकवताना तेच परिबल सुमारे 98 न्यूटन-मीटर होते, आणि ते करताना कोणाच्याही मनात शंका येत नाही, कारण ते व्यायामात मोजलेच जात नाही.

म्हणून साधनांच्या अनुकूलनाचा आरंभ मांडणीपासून व्हावा. जड प्लेटा कमरेच्या उंचीच्या खुंटीवर असाव्यात, त्या दोन्ही हातांनी पोटाशी धरून न्याव्यात, 20 किलोच्या एका प्लेटऐवजी 10 किलोच्या दोन वापराव्यात, आणि रॉडची दोन्ही टोके आळीपाळीने भरावीत व आळीपाळीनेच रिकामी करावीत. एकाच बाजूचे वजन एकदम काढल्यास रॉड उलटतो आणि तो सावरायला हात आपोआप, कोणताही विचार न करता, पुढे जातो. गल्लीतल्या जिममध्ये स्टँड कोठे असावा हे सदस्याच्या हाती नसते हे खरे, पण शेजारच्या माणसाला प्लेट काढून देण्याची विनंती करणे हाती असते, आणि ती निःसंकोच करावी.

स्क्वॅट हा पायांचा व्यायाम असला तरी खांद्याच्या रुग्णाला तो लवकर सोडावा लागतो, कारण मानेमागे रॉड धरण्यासाठी दंड बाजूला उचलून मागच्या दिशेने पिळावा लागतो. रॉड पाठीवर जितका खाली टेकवावा, तितका हा पीळ वाढतो. यावरचा सर्वांत समाधानकारक उपाय म्हणजे सेफ्टी स्क्वॅट बार. त्याच्या मध्यभागी मानेभोवती बसणारी गादी असते आणि पुढे आलेल्या दोन मुठी छातीसमोर धरता येतात, त्यामुळे खांदा जवळपास विश्रांतीच्या स्थितीत राहतो. महाराष्ट्रातील साध्या जिममध्ये हा बार क्वचितच दिसतो. तेथे समोरच्या स्क्वॅटचा पर्याय आहे: साध्या रॉडभोवती मनगटी पट्ट्यांचे दोन फास घालून रॉड खांद्यांच्या पुढच्या मांसल भागावर टेकवायचा आणि पट्ट्यांची टोके मुठीत उभी धरायची. यात हात रॉडला फक्त स्थिर ठेवतात, वजन धड पेलते. येथे एक अट मात्र काटेकोरपणे पाळली पाहिजे. धडधाकट माणूस अडकला तर रॉड ढकलून मोकळा होतो. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला ती मुभा नसते, म्हणून रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्या तळाच्या स्थितीपेक्षा किंचित खाली लावल्याशिवाय एकही आवर्तन करू नये, आणि रॉड ज्या खोबणीत ठेवायचा तिची उंची अशी असावी की तो परत ठेवताना टाचा उचलाव्या लागू नयेत.

ज्यांना हेही सोसत नाही त्यांच्यासाठी कमरपट्ट्याचा स्क्वॅट आहे: दोन भक्कम ठोकळ्यांवर पाय ठेवून उभे राहायचे आणि कमरेच्या पट्ट्याला साखळीने अडकवलेल्या प्लेटा ठोकळ्यांच्या मधल्या जागेत लोंबू द्यायच्या. खांद्याचा संबंध येत नाही. जमिनीवरून वजन उचलण्यासाठी षट्‌कोनी ट्रॅप बार उपयोगी पडतो, कारण त्याच्या मुठी शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात आणि डेडलिफ्टमधील उलट-सुलट पकड टळते. तो अल जेरार्ड या अमेरिकन पॉवरलिफ्टरने 1980च्या दशकात स्वतःची पाठ सांभाळून सराव चालू ठेवता यावा म्हणून बनवला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आज सर्वसामान्य वाटणारे साधन मुळात एका दुखापतीची गरज होती.

छातीच्या व्यायामात प्रश्न अधिक नाजूक होतो. बेंचवर रॉड छातीला टेकतो तेव्हा कोपरे धडाच्या पातळीखाली जातात आणि दंडाच्या हाडाचे टोक पुढे रेटले जाते. पकड रुंद असेल तर हा ताण वाढतो. जमिनीवर पाठ टेकून केलेल्या प्रेसमध्ये दंड जमिनीला टेकला की हालचाल आपोआप थांबते आणि ती धोक्याची खोली गाठलीच जात नाही. तळवे एकमेकांसमोर येतील अशी पकड, कोपरे धडापासून साधारण 45 अंशांवर आणि डंबेल अशी मांडणी पुष्कळांना मानवते. परंतु येथेही खरा प्रश्न उचल-ठेवीचा आहे. बेंचच्या हुकांवरून रॉड काढताना हात डोक्याच्या दिशेने मागे नेऊन वजन ओढावे लागते, आणि जड डंबेल पाठीवर पडून जागेवर आणताना तर खांद्याला झटकाच बसतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, मदतनीस उपलब्ध नसेल त्या दिवशी डंबेलचा प्रेस करू नये, आणि असेल तेव्हा दुखऱ्या बाजूचे डंबेल त्याने हातात द्यावे व त्यानेच परत घ्यावे. एकट्याने करायचे असल्यास रॉडचे एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात जाड टॉवेल टाकून रोवावे आणि दुसरे टोक छातीसमोरून तिरके वर ढकलावे. या लँडमाइन पद्धतीत हात सरळ डोक्यावर न जाता पुढे-वर जातो आणि वजनाचा काही भाग जमीनच पेलते, शिवाय टोक खाली ठेवायला विशेष कसब लागत नाही.

तालमीच्या परंपरेतील साधनांचा विचारही याच कसोटीवर व्हावा. मुद्गल फिरवताना हात डोक्यावरून पाठीमागे जातो आणि वजन लांब दांड्याच्या टोकाला असते, त्यामुळे परिबल मोठे आणि झोत आवरणे कठीण. बऱ्या खांद्याला कसदार बनवणारे हे साधन दुखऱ्या खांद्याच्या वाट्याला सर्वांत शेवटी यावे. दंड मात्र सोडावे लागत नाहीत. हात आधी भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, मग बाकावर आणि शेवटी जमिनीवर, असे उतरत गेल्यास तोच व्यायाम भाराच्या पायऱ्यांनी करता येतो.

दुखरी बाजू पूर्ण विश्रांतीत असतानाही निरोगी हाताचा व्यायाम थांबवू नये. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1894 मध्येच दाखवून दिले होते की, एका हाताच्या सरावाने दुसऱ्या, सराव न केलेल्या हाताची ताकदही काही प्रमाणात वाढते. हा परिणाम स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेत घडतो. तो मोठा नसला तरी, हात झोळीत असलेल्या माणसाला तो वाया घालवणे परवडणारे नाही.

भार वाढवायचा की नाही याचा निर्णय व्यायामाच्या क्षणी न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर तीनपर्यंतची, सेटनंतर ओसरणारी वेदना बहुतेक कंडरा सोसतात. पण रात्री कुशीवर झोपता न येणे किंवा सकाळी केस विंचरताना हात अडखळणे हे आदल्या दिवसाचा भार जास्त झाल्याचे लक्षण आहे, आणि तेव्हा व्यायामाबरोबरच मांडामांड कशी झाली हेही आठवून पाहावे. पडल्यानंतर हात अचानक वर जाईनासा झाला, सांधा निखळल्यासारखा वाटला किंवा हाताला बधिरता आली, तर साधने बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. दुसऱ्याने हात फिरवूनही तो बाहेरच्या दिशेला वळत नसेल तर खांदा आखडण्याचा आजार असू शकतो, जो मधुमेहींमध्ये अधिक आढळतो आणि ज्याचे उपचार कंडरेच्या दुखापतीपेक्षा वेगळे असतात.

बेंचवर परतताना छातीवर एकावर एक ठेवलेल्या लाकडी फळ्या उपयोगी पडतात. रॉड फळीला टेकला की थांबायचे आणि दोन-तीन आठवडे सकाळी तक्रार नसेल तर एक फळी कमी करायची. खोली वाढवलेल्या आठवड्यात वजन वाढवू नये. वजन वाढवताना अर्धा किलोच्या छोट्या प्लेटा जवळ बाळगाव्यात, कारण जिममधील सर्वांत लहान जोडी बहुधा एकूण अडीच किंवा पाच किलोंची उडी मारायला लावते. पाठीवरच्या सरळ रॉडचा स्क्वॅट पुन्हा करता येईलच असे नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचे नसेल तर त्याची गरजही नसते, आणि सेफ्टी स्क्वॅट बारवर किंवा पट्ट्यांच्या आधाराने कायम सराव केल्याने पायांचे काहीही उणे पडत नाही.