टंचाई, टँकर आणि बातमीचे क्रियापद : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात वार्ताहराच्या भाषाशिक्षणाचा विचार

व्यावहारिक मराठी किंवा उपयोजित मराठी या नावाने महाविद्यालयीन अभ्यासक्रमात जे लेखनप्रकार आले, त्यांत वृत्तलेखनाचा समावेश जवळजवळ सर्वत्र आढळतो. बातमीची व्याख्या, कोण-काय-कुठे-केव्हा-का-कसे हे सहा ककार, उलट्या मनोऱ्याची रचना, मथळा व आमुख यांची ओळख विद्यार्थ्याला करून दिली जाते आणि दिलेल्या मुद्द्यांवरून बातमी तयार करावयास सांगितले जाते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठ विभाग, मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथील वृत्तपत्रविद्येचे शिक्षण याहून अर्थातच व्यापक आहे. तथापि बातमीच्या भाषेचा प्रश्न निघाला की ती सोपी, सुटसुटीत व अचूक असावी एवढ्या सूचनेपाशी पाठ्यपुस्तके बहुधा थांबतात. अचूकता ही केवळ नावे आणि आकडे यांची नसते, ती क्रियापदाचीही असते, ही गोष्ट प्रस्तुत लेखात शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या आधारे तपासावयाची आहे.

हे तालुके निवडण्यास कारण आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात जो मुख्यतः ग्रामीण आणि आदिवासी भाग उरला, त्याचा मोठा हिस्सा यांनी व्यापलेला आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचा काही भागही त्यात येतो. आगरी, कुणबी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी वस्ती, आसनगाव स्थानकातून लोकलने किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणला येणारा विद्यार्थी, आणि हाताच्या अंतरावर मुंबईची वृत्तपत्रे. पत्रकारितेचा अभ्यासक्रम करून वार्ताहर होऊ पाहणाऱ्या येथील मुलामुलींना शहरी सहाध्यायांपेक्षा एक गोष्ट अधिक ठाऊक असते. ज्या घटनेची बातमी व्हायची, ती त्यांनी घरात अनुभवलेली असते. प्रश्न असा की शिक्षणानंतर त्यांच्या वाक्यात हा अनुभव उतरतो की पुसला जातो?

पाण्याचेच उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा जोरदार पावसाचा प्रदेश. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे. भातसाही येथेच आहे, आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यातील निम्म्याच्या जवळपास वाटा एकट्या भातसाचा असतो. मुरबाड-बदलापूर परिसरातील बारवीचे पाणी औद्योगिक वसाहतींना व कल्याणकडच्या शहरांना जाते. याच तालुक्यांतील पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. एप्रिल-मे महिन्यांतील वृत्तपत्र उघडले तर शहराच्या पानावर सात तलावांतील साठ्याची टक्केवारी असते आणि जिल्ह्याच्या पानावर ‘शहापुरात पाणीटंचाईच्या झळा’ अशा वळणाचा मथळा असतो. एका पानावर पाणी मोजले जाते, दुसऱ्यावर तहान. दोन्ही बातम्या एकाच धरणाविषयी आहेत हे वाचकाला कळण्याची सोय मात्र नसते.

‘टंचाई’ हा शब्द येथे बारकाईने पाहण्याजोगा आहे. तो बोलीतून बातमीत आला नाही, महसुली कारभारातून आला. टंचाई कृती आराखडा, टंचाईग्रस्त गाव, टंचाई निवारण ही सारी प्रशासनाची परिभाषा होय. दुष्काळ म्हटले की पावसाचा विचार येतो. टंचाई म्हटले की काहीतरी आपोआप कमी पडले असे वाटते. पाणी होते आणि ते अन्यत्र नेले गेले, हा अर्थ या शब्दात मावतच नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, अधिकाऱ्यांची पाहणी आणि मंजुरी या पायऱ्यांनंतर टँकर सुरू होतो. म्हणून बातमीतील टँकरचा आकडा मंजुरीचा असतो, तहानलेल्या पाड्यांचा नव्हे. ज्या पाड्याचा ठरावच झाला नाही तो या आकड्यात येत नाही. हे त्या पाड्यावरच्या विद्यार्थिनीला पाठच्या दारी कळलेले असते. अभ्यासक्रमात मात्र आकडा ‘अधिकृत सूत्रांकडून’ घ्यावा असे तिला शिकवले जाते आणि ती घेते.

नामांपेक्षाही क्रियापदांचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठीत अकर्मक धातू व त्याचे प्रयोजक रूप यांच्या जोड्या विपुल आहेत : अडणे-अडवणे, बुडणे-बुडवणे, आटणे-आटवणे, रखडणे-रखडवणे. ग्रामीण बातमीदारीने यांतील पहिली रूपे जवळजवळ पूर्णपणे स्वीकारलेली दिसतात. योजना रखडते, काम अडते, निधी परत जातो, गावे धरणात बुडतात. कर्ता नसलेल्या या वाक्यांत घटना निसर्गक्रमाप्रमाणे घडत राहतात. ‘प्रकल्पग्रस्त’ हा समास त्याच जातीचा. रोगग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेत तो बसला आणि शासनाने घेतलेला निर्णय आपत्तींच्या यादीत जाऊन पडला.

हे सारे वार्ताहराच्या भित्रेपणातून घडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘रखडवली’ असे लिहायचे तर कोणी, हे सांगावे लागते आणि ते कागदाने सिद्ध करावे लागते. डेटलाइनपुढच्या कंसात ‘प्रतिनिधी’ ऐवजी ‘वार्ताहर’ असे छापले जाणारा तालुक्याचा बातमीदार पुष्कळदा नाममात्र मानधनावर काम करतो. अनेक ठिकाणी जाहिराती मिळवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते, आणि तालुक्यात जाहिरात देणारे म्हणजे पुढारी व ठेकेदार. अकर्मक क्रियापद त्याला निभावून नेते. शिवाय कर्ता खरोखरच अज्ञात असेल तेव्हा ‘रखडली’ हेच प्रामाणिक रूप असते. म्हणून हा प्रश्न उपसंपादकाच्या लेखणीने सुटणारा नाही. प्रयोजक रूप लिहिण्याचा अधिकार तहसील कचेरीत, पंचायत समितीत आणि पाड्यावर जाऊन मिळवावा लागतो.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे, आणि ती अधिक महत्त्वाची वाटते. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील धरणाला गावकऱ्यांनी विरोध केला, श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये काम थांबले. ‘काळू धरण रखडले’ असे वाक्य लिहिले की ज्यांनी ते थांबवले ती माणसेच वाक्याबाहेर जातात. कर्ता लोपतो तेव्हा दोषी तेवढा सुटतो असे नाही; ज्यांनी काही केले त्यांचे कर्तृत्वही जाते. ‘रखडले’ आणि ‘अडवले’ यांतील निवड म्हणजे त्या गावांना इतिहासात जागा देण्या-न देण्याची निवड आहे.

काही ठिकाणी भाषेत प्रयोजक रूपच हाताशी नसते. ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळून वीस जण मरण पावले. ‘कोसळणे’ला रूढ प्रयोजक रूप नाही. तेथे वाक्य मोडून पुन्हा बांधावे लागते : काम रात्री कोणाच्या आदेशाने चालू होते, यंत्राची तपासणी कोणी केली होती, मृतांची कुटुंबे कोठे राहतात. ‘दुर्घटना घडली’ या दोन शब्दांत यांतील एकही प्रश्न उमटत नाही.

बोलीचा मुद्दा याला जोडूनच येतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांविषयी प्रमाण मराठी ‘स्थलांतर’ हा शब्द वापरते. ठाणे-पालघर पट्ट्यात लोक ‘जगायला गेलो’ असे म्हणतात. पहिल्या शब्दात जागा बदलते. दुसऱ्यात गावात राहून जगता येत नाही, हे कारण क्रियापदातच सांगून झालेले असते. सहा ककारांतला सर्वांत अवघड ‘का’ तेथे दोन शब्दांत आला आहे. अशा शब्दांना अवतरणचिन्हांत टाकून रंजक केले जाते, ते टाळावे हे बरे. पुराव्याचा शब्द म्हणून ते बातमीत आले पाहिजेत.

मराठीत याची पूर्वपरंपरा नाही असे नाही. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची वेठ आणि लढा यांचे कथन आहे. वेठ कोण घेतो आणि कोण नाकारतो हे त्यात स्पष्ट असते. अनिल अवचट यांनी ‘माणसं’ मध्ये जे केले ते वृत्तपत्रीय चौकटीबाहेरचे असले तरी मुळात बातमीदाराचेच काम होते : जाणे, विचारणे, मजुरीचा हिशेब मांडणे. साहित्याच्या वर्गात ही पुस्तके आत्मकथन किंवा ललित गद्य म्हणून लावली जातात आणि वृत्तलेखनाच्या वर्गात त्यांचे नावही निघत नाही, ही वाटणी तपासून पाहिली पाहिजे.

वर्गात काय करता येईल, हे थोडक्यात. तालुक्याच्या बातम्यांत पंचांगाप्रमाणे येणारे विषय असतात : २ जानेवारीला सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांचे १९४३ मधील बलिदान, पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रा. यांच्या मागील वर्षीच्या बातमीत तारीख बदलून भागते हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यावर सराव करून घेण्यात फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्यांना आपल्याच गावातील एक रखडलेली योजना द्यावी. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने आहे, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार आहेत. अर्ज लिहिणे, ठरावाची नक्कल मिळवणे आणि ती वाचणे हे मराठीच्या तासाचेच काम होय, कारण हे सर्व कागद मराठीत असतात. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणण्याच्या योजनेविषयीची कात्रणे गोळा करावीत, प्रत्येक वाक्याखाली कर्ता अधोरेखित करावा, आणि जेथे तो नाही तेथे समासात कोणत्या कचेरीत विचारावयाचे तिचे नाव लिहावे.