अंगठा चोखणारे मूल

भांगलणीच्या दिवसांत आईबाप पिकात, आणि मूल बांधावर गोणपाटावर बसून अंगठा चोखते आहे, हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. मूल वर्षाचे असते तोवर सगळे कौतुक करतात. तेच चार वर्षांचे झाले की आजी रागावते, काका तोंडातला हात ओढतो, शेजारीण हसते आणि कोणीतरी मिरचीची वाटी पुढे करते. या मिरचीविषयी आम्हाला आधी बोलावयाचे आहे.

आमच्या घरी हा प्रयोग झालेला आहे. मधल्या मुलीच्या अंगठ्याला आम्ही रात्री मिरची चोळली. झोपेत तिने तोच हात डोळ्याला लावला. रात्रभर तिचे रडणे, सकाळी डोळा सुजलेला, त्या दिवशीचे काम बुडाले. आणि तिसऱ्या दिवशी ती गवताच्या गंजीआड बसून अंगठा चोखताना सापडली. सवय गेली नाहीच, वर लपवाछपवी शिकली. बिब्बा, चटका असले उपाय तर कोणी मनातही आणू नयेत.

अंगठा चोखणे हा दुर्गुण नव्हे. आईच्या पोटातले बाळसुद्धा अंगठा तोंडात घालते, हे सोनोग्राफीत दिसते. चोखण्याने बाळाला धीर येतो, झोप लागते. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप ही सवय सोडतात. तोपर्यंत दातांसाठी काळजी करण्याचे कारण नाही. चार वर्षांनंतरही मूल जोराने चोखत असेल तर मात्र वरचे दात पुढे येतात, वरच्या व खालच्या दातांमध्ये फट राहते, टाळू अरुंद होतो. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात येतात. त्याआधी सवय सुटली तर दुधाच्या दातांचा वाकडेपणा बहुधा आपोआप भरून निघतो. पाच वर्षे उलटूनही सुटत नसेल तर दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावे.

पण शेतकऱ्याच्या घरात दातांपेक्षा मोठी भीती आहे ती अंगठ्यावर काय लागले आहे याची. शेतातल्या मातीत जंतांची अंडी असतात. ती हातावाटे पोटात जातात. म्हणून जेवणापूर्वी, शौचानंतर आणि शेतातून आल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापावीत. 2015 पासून अंगणवाडीत व शाळेत ठरलेल्या दिवशी जंताची गोळी देतात, ती चुकवू नये. आणि फवारणीच्या दिवशी मुलाला शेतात आणूच नये. औषधाचा पंप, रिकामे डबे, फवारणी करणाऱ्याचे कपडे यांना हात लावून मूल तोच अंगठा तोंडात घालते. मग लाळ गळणे, उलटी, घाम, गुंगी असे काही दिसले तर घरगुती उपाय करीत न बसता डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

आता सवय सोडवायची कशी? प्रथम आठवडाभर नुसते पाहावे, मूल अंगठा केव्हा घालते? आमची मुलगी भूक लागली की, झोप आली की, आणि आम्ही दोघे चढ्या आवाजात बोलू लागलो की. हे तिसरे कळले तेव्हा आमचीच मान खाली गेली. भुकेच्या वेळी जेवण लवकर दिले. दुपारी आई भाकरी थापते तेव्हा तिला पिठाचा एक गोळा दिला. दोन्ही हात पिठात असले म्हणजे अंगठा तोंडात जात नाही. रात्री जवळ घेऊन अंगाई म्हटली. जुना सुती मोजा हातावर चढवायचा, पण तो तिने स्वतः चढवायचा, असे तिच्याशी ठरवले. जबरदस्तीने बांधला असता तर तिने मध्यरात्री ओढून फेकला असता.

दिवस अंगठ्यावाचून गेला की कॅलेंडरवर त्या तारखेला तिने लाल खूण करायची. चुकला तर खूण नाही, बोलणेही नाही. पाहुण्यांसमोर तर त्याचा उच्चारही करायचा नाही, हे आजीलाही सांगून ठेवले (आजीला हे सगळ्यांत जड गेले). पहिल्या आठवड्यात दोनच खुणा झाल्या. दोन महिन्यांनी पान लाल झाले.

पुढे धाकट्याचा जन्म झाला आणि अंगठा परत तोंडात आला. घरात बाळ येणे, ताप येणे, आई माहेरी जाणे, अशा वेळी असे होतेच. आम्ही काही बोललो नाही. बाळाची दुपटी वाळत घालायला तिला बरोबर घेऊ लागलो, आणि तीनेक आठवड्यांनी तिनेच कॅलेंडरचा लाल खडू मागितला.