लिनक्सच्या गाभ्याला ठिगळ

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारी कामे यांच्यामध्ये जो आज्ञावलींचा गाभा असतो, त्यास कर्नल म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स कर्नल सर्वांस खुला आहे. त्यातील कोणत्या ओळी गाळावयाच्या व कोणत्या घालावयाच्या, एवढेच ज्या फाईलीत लिहितात तिला पॅच, म्हणजे आपले ठिगळ, म्हणतात.

मेलबर्नचे भूलतज्ज्ञ कॉन कोलिव्हास यांनी घरचा संगणक अडखळू नये म्हणून अशी ठिगळे हौशी मंडळींना दिली. (व्यवसाय भूल देण्याचा, छंद संगणक जागा ठेवण्याचा!) कामांना प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा त्यांचा शेड्यूलर मूळ लिनक्समध्ये गेला नाही. २००७ साली इंगो मोल्नार यांचा स्वीकारला गेला. समन्यायी वाटणीच्या कल्पनेचे श्रेय मात्र मोल्नारांनी कोलिव्हासांना दिले. कोलिव्हास त्याच वर्षी थांबले आणि २००९ मध्ये नवा शेड्यूलर घेऊन परतले.

खरे कष्ट पुढेच असतात. मूळ कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. खालचे कापड बदलले की ठिगळ पुन्हा जुळवावे लागते. शिवाय तयार कर्नल वाटणाऱ्याने बदललेल्या आज्ञावलीही दिल्या पाहिजेत, असे परवाना सांगतो. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या विद्यार्थ्यांनी हा उद्योग जरूर करावा. फक्त जुना कर्नल पुसू नये. नवा सुरूच झाला नाही तर संगणक त्याच्यावरच उघडावा लागतो.