निम्म्याचा हिशेब : कॅलिफोर्नियातील घटस्फोट

अमेरिकेतल्या ९ राज्यांत लग्नानंतरची कमाई पतिपत्नीची सामाईक असते. कॅलिफोर्निया त्यांतले लोकसंख्येने सर्वांत मोठे. पगार कोणाच्या खात्यात पडला, याला तेथे महत्त्व नाही. एच-४ व्हिसावर येऊन घर सांभाळणारीचाही त्या काळातल्या पगारावर आणि निवृत्तिनिधीवर निम्मा हक्क असतो. लग्नापूर्वीचे, वारशाने आलेले आणि भेट मिळालेले मात्र ज्याचे त्याचे. घटस्फोट देताना दोष कोणाचा हे १९७० पासून न्यायालय पाहत नाही. फसवल्या गेलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

खरी मेख भेटीच्या पैशात आहे. प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांनी कोथरूडचा फ्लॅट विकून मुलीला पैसे पाठवले. ते संयुक्त खात्यात आले आणि तेथूनच फ्रीमाँटच्या घराचे डाउन पेमेंट झाले. दोघांच्या नावावर घेतलेले घर घटस्फोटात सामाईकच धरले जाते. कुटुंब कायद्याच्या कलम २६४० नुसार डाउन पेमेंट परत मिळते, पण ते स्वतंत्र पैशातूनच गेले याचा माग कागदोपत्री दाखवावा लागतो. शिवाय त्यावर व्याज नाही, वाढलेल्या भावातला वाटाही नाही. मध्यस्थाच्या खोलीत विचारणा झाली तेव्हा नवऱ्याचे उत्तर आले, "पैसे आपल्या खात्यातून गेले." वाक्य खरेच होते. दहा वर्षे सासऱ्यांचे गोडवे गाणारा माणूस ते बोलला आणि शांतपणे पाणी प्यायला. जुनी खातेपत्रके बँकेकडे उरली नव्हती. लेखिकेकडे होता वडिलांचा एक ईमेल. त्यावरून भेट सिद्ध झाली, माग नाही.

अशा पैशासाठी वेगळे खाते उघडावे आणि त्यात पगाराचा एक डॉलरही पडू देऊ नये. वडिलांचे पत्र, पैसे पाठवल्याची पावती, खरेदीच्या दिवशीचे खातेपत्रक छापून माहेरी एक प्रत ठेवावी. परतफेडीचा हक्क लेखी सोडला तर तो बुडतो, तेव्हा "नुसती सही कर" म्हणून पुढे आलेला कागद आधी वाचावा. वकील चांगला पाहावा, हे तर सगळेच सांगतात.

विभक्त झाल्यानंतरची कमाई स्वतंत्र, म्हणून त्या तारखेवरून भांडणे होतात. संसारात देऊ केलेले पण नंतर हाती येणारे कंपनीचे शेअर अंशतः सामाईक ठरतात. दोघांनीही मालमत्तेची पूर्ण यादी द्यायची असते. लपवणाऱ्याला जबर दंड बसू शकतो : रॉसी खटल्यात बायकोने १३ लाख डॉलरहून मोठे लॉटरीचे बक्षीस दडवले, ते सगळे नवऱ्याला मिळाले, २००१ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. लेखिकेच्या प्रकरणात शेअर दुसऱ्या यादीत आले, तेही वकिलाने विचारल्यावर. पहिल्या यादीत ते "नजरचुकीने" राहिले होते.

अर्ज हाती पडल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि घटस्फोटाला किमान ६ महिने लागतात. तेवढ्या काळात संयुक्त क्रेडिट कार्डे बंद करावीत. कर्ज कोणी फेडायचे हे न्यायालयाने ठरवले तरी बँक दोन्ही सह्यांमागे येते.