कापसाची जुनी यंत्रे : ओळख, नोंद व जतन

यवतमाळ जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापसाचे पीक घेतले जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली बोंडे फुटतात, सीतादही होऊन वेचणीस आरंभ होतो आणि त्यानंतर संक्रांत उलटून जाईपर्यंत कमरेला ओटी बांधलेल्या स्त्रियांच्या रांगा शेतोशेती दिसतात. कापूस घरी येतो, बंडीतून किंवा ट्रॅक्टरमधून बाजारात जातो आणि तेथून जिनिंगमध्ये. या सर्व प्रवासात यंत्राची गाठ पडते ती अगदी शेवटी.

मध्यंतरी एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी मला विचारले की, परदेशात ट्रॅक्टरवर बसविलेली कापूस वेचणीची जुनी यंत्रे लोक हौसेने जमवितात, त्यांची वर्षे व नमुने ओळखून जपून ठेवतात. आपल्या जिल्ह्यात अशी यंत्रे कोठे पाहावयास मिळतील? प्रश्न चांगला होता. वेचणीची जुनी यंत्रे येथे नाहीत, कारण ती येथे कधी रुजलीच नाहीत. परंतु कापसाची जुनी यंत्रे येथे भरपूर होती व थोडी अजूनही आहेत. ती जिनिंग-प्रेसिंगच्या शेडमध्ये आहेत, आणि त्यांची दखल घेणारे मात्र फारसे कोणी नाही.

वेचणी यंत्र : थोडा इतिहास

ट्रॅक्टरवरील वेचणी यंत्राची जन्मभूमी अमेरिका. जॉन रस्ट व त्यांचे बंधू मॅक रस्ट यांनी ओल्या चातीला कापसाचा तंतू चिकटतो या साध्या अनुभवावर आपले यंत्र उभारले आणि १९३६ साली मिसिसिपी राज्यात त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्याच काळात इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचेही प्रयोग चालू होते. तिचे १९४३ सालचे 'ओल्ड रेड' या नावाने ओळखले जाणारे यंत्र आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्याची रचना मोठी गमतीची आहे. कंपनीने आपलाच फार्मऑल ट्रॅक्टर घेऊन तो उलटा चालविला, म्हणजे मोठी चाके पुढे व लहान चाके मागे आली, आणि वेचणीचा पिंप पुढे राहिला. चालकाच्या वर कापसाची जाळीदार टोपली. एका वेळी एकच ओळ.

संग्राहक हे नमुने ओळखतात ते मुख्यतः चातीवरून. चाती निमुळती व काटेरी असेल तर ते इंटरनॅशनल हार्वेस्टरचे घराणे. सरळ, गुळगुळीत व पाण्याने ओली होणारी असेल तर रस्टचे. रस्ट यांच्या पद्धतीची यंत्रे पुढे ॲलिस-चामर्स कंपनीने व आर्कान्सा राज्यातील बेन पिअरसन कंपनीने बनविली. ही दुसरी कंपनी मूळची धनुष्यबाण तयार करणारी! ज्या यंत्रात चात्या नाहीत, जे संपूर्ण बोंडच ओरबाडून घेते, ते वेगळ्या जातीचे. ते टेक्सासच्या कोरड्या भागात अधिक चालले.

आपल्याकडे ही यंत्रे का आली नाहीत, याचे उत्तर पऱ्हाटीतच आहे. यंत्राला एका वेळी फुटलेली बोंडे, सारख्या उंचीचे झाड आणि सरळ ओळी लागतात. येथील कोरडवाहू पऱ्हाटी तीन-चार वेचण्यांत फुटते. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. संकरित बियाणे महाग, म्हणून ते विरळ लावावे लागले. विरळ लावले की झाड पसरते. आणि पसरलेल्या झाडात यंत्राचा पिंप शिरत नाही. २००२ नंतर आलेले बीटी वाणही येथे संकरित स्वरूपातच आले. लहान धारणाक्षेत्र आणि वेचणीच्या मजुरीवर चालणारी अनेक घरे, या दोन गोष्टी आणखी. आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पुढे आणलेल्या सघन लागवडीमुळे यंत्रवेचणीचा विचार नव्याने होत आहे, परंतु तो या लेखाचा विषय नव्हे.

जिनिंगच्या शेडमध्ये

सरकीपासून रुई वेगळी करण्याचे काम पूर्वी हातचरखीवर होई. इ. स. १८४० मध्ये अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी यांनी नवा रोलर जिन काढला आणि वऱ्हाडात पुढे रूढ झाला तो हाच. त्याचे काम समजण्यास सोपे आहे. चामड्याच्या चकत्या घट्ट बसविलेला रोलर फिरतो व त्याच्या खरबरीत पृष्ठभागाला तंतू चिकटतो. रोलरला लागून एक स्थिर सुरी असते. तंतू तिच्याखालून ओढला जातो, सरकी मात्र अडते. अडलेल्या सरकीवर दुसरी हलती सुरी टोले देते व सरकी खाली गळते. एक रोलर असेल तो एकेरी जिन. दोन रोलर व मध्ये एक हलती सुरी असेल तो दुहेरी. दातेरी चकत्यांचा आरी-जिन, ज्याचा उगम १७९३ मधील एली व्हिटनी यांच्या यंत्रात आहे, धारवाडकडे चालला, आपल्याकडे नव्हे.

या चामड्यासंबंधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रोलरच्या चकत्या क्रोमियम वापरून कमावलेल्या चामड्याच्या असत. घासून निघणारी त्यांची धूळ रुईत व हवेत मिसळते आणि ती आरोग्यास अपायकारक आहे. म्हणूनच नंतर रबरी रोलर विकसित करण्यात आले. जुन्या जिनची नोंद घेण्यास विद्यार्थ्यांना नेताना रोलर हाताने झाडू देऊ नये व तोंडाला कापड बांधावे.

वऱ्हाडचा कापूस परदेशच्या बाजारात 'उमरा' या नावाने, म्हणजे अमरावतीच्या नावाने, ओळखला जाई. तो मुंबईपर्यंत लवकर पोहोचावा या हेतूने मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग टाकण्यात आला. हीच ती 'शकुंतला'. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत गाडी ओढीत होते; आता गाडीही बंद आहे. जिनिंगचे कारखाने मात्र केवळ या मार्गालगत नव्हते. यवतमाळ, दारव्हा, वणी, पांढरकवडा, पुसद, घाटंजी, जेथे जेथे कापसाचा बाजार तेथे तेथे उंच धुराडे व लांब शेड हे दृश्य ठरलेले होते.

या कारखान्यांच्या आयुष्यात दोन वळणे महत्त्वाची. १९७१ च्या कायद्यान्वये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली व १९७२-७३ पासून खाजगी जिनिंगवाले स्वतःच्या व्यापाराऐवजी योजनेचा कापूस मजुरीवर पिंजू लागले. दुसरे वळण फेब्रुवारी २००० मधील केंद्र शासनाच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाचे. त्यातील चौथ्या उपअभियानाने जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणास साहाय्य दिले. रुईतील कचरा कमी झाला, हे चांगलेच झाले. पण नवे यंत्र बसले की जुने बाहेर जाते, आणि बाहेर गेलेले जुने यंत्र ओतीव लोखंडाच्या भावाने विकले जाते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका बंद जिनिंगमध्ये मी बारा एकेरी जिन एका रांगेत उभे पाहिले होते. जमिनीखालच्या बोगद्यात त्यांचा लांब शाफ्ट व लाकडी पुली जशाच्या तशा होत्या. कॅमेरा जवळ नव्हता, पुन्हा येऊ असे म्हणून परतलो. दिवाळीनंतर गेलो तेव्हा शेडमध्ये फक्त पायाचे बोल्ट वर आलेले दिसले. यंत्रे किलोवर गेली होती. त्यांवरील अक्षरे मी वहीत उतरून घेतली असती तर पाच मिनिटे लागली असती.

ओळख कशी पटवावी

प्रथम सांगाडा पाहावा. सुऱ्या, रोलर, बेअरिंग हे भाग दर काही हंगामांनी बदलतात. दोन्ही बाजूंच्या ओतीव चौकटी बदलत नाहीत. कारखान्याचे नाव बहुधा त्यांवरच उठावाच्या अक्षरांत असते. रंगाच्या थरांखाली ते दिसत नाही, तेव्हा कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी, म्हणजे ठसा उमटतो. 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' हे नाव त्या काळी सर्वत्र प्रसिद्ध होते. बोल्टन येथील डॉब्सन अँड बार्लो हे दुसरे. १९३१ साली या व इतर काही कंपन्या टेक्स्टाइल मशिनरी मेकर्स या नावाखाली एकत्र आल्या, हेही ध्यानात असावे. पुढे देशी कारखानदार पुढे आले व नागपूर हे जिन बनविण्याचे मोठे केंद्र झाले; तेव्हा प्रत्येक जुना जिन विलायतीच असेल असे धरून चालू नये.

इंजिनाच्या पाटीवरून काळ अधिक नेमका कळतो. 'रस्टन प्रॉक्टर' असे लिहिले असेल तर ते इंजिन १९१८ पूर्वीचे, कारण त्या वर्षी ती कंपनी हॉर्न्सबी कंपनीत मिळून 'रस्टन अँड हॉर्न्सबी' झाली. गेन्सबरो येथील मार्शल कंपनीची वाफेची इंजिनेही आपल्याकडे येत. बॉयलर आडवा असून त्यात भट्टीच्या दोन नळ्या असतील तर तो लँकेशायर, एकच नळी असेल तर कॉर्निश. दाबयंत्र, म्हणजे गठाण बांधण्याचा प्रेस, निराळ्याच घराण्याचा असू शकतो. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टची नॅस्मिथ विल्सन कंपनी रेल्वेची इंजिनेही बनवीत असे आणि पाण्याच्या दाबावर चालणारे कापसाचे प्रेसही.

येथे माझी एक चूक सांगतो. एका इंजिनावरील पितळी पाटी वाचून मी छायाचित्राखाली मोठ्या विश्वासाने वर्ष लिहिले. त्याच जिनिंगमध्ये पूर्वी फिटर असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहून मला सांगितले, "साहेब, ती पाटी दाबाच्या घड्याळाची आहे, इंजिनाची नव्हे. घड्याळ आम्ही मागाहून बसविले." तेव्हापासून पाटी कोणत्या भागावर आहे हे मी आधी लिहितो व पाटीवर काय आहे हे नंतर.

पाटी नसेल तर बोल्ट पाहावेत. इंचाच्या मापाचे व्हिटवर्थ आटे असतील तर यंत्र ब्रिटिश किंवा त्या वळणाचे. मिलिमीटरचे आटे असतील तर भाग बहुधा नंतरचा. तोलकाट्यावर मण-शेर किंवा पौंड असतील तर तो १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या मेट्रिक बदलापूर्वीचा समजावा. व्यापारात खंडी अजून ऐकू येते. ती ७८४ पौंडांची, म्हणजे ३९२ पौंडांच्या दोन गठाणींची. आजची गठाण १७० किलोची असते.

जुने हिशेब, पावत्या व शिक्के यांतून तर इतिहास सरळ बोलतो. 'वूण जिल्हा' असा उल्लेख असेल तर कागद १९०५ पूर्वीचा असण्याचा संभव अधिक, कारण त्या वर्षापर्यंत या जिल्ह्याचे नाव वणीवरून होते. 'मध्यप्रदेश' असा शिक्का असेल तर १९५० ते १९५६ चा, 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० चा. शिवाय १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे आणि नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले होते. या खुणांचे पत्र्याचे साचे कित्येक कारखान्यांत भिंतीला टांगलेले असतात. ते कोणी मागत नाही, म्हणूनच ते अद्याप शिल्लक आहेत.

नोंद कोणी व कशी करावी

ग्रामपंचायतीकडे कर आकारणीची नोंदवही असते. जिनिंगची इमारत तीत कधी व कोणाच्या नावे आली हे तेथे मिळते. जिल्हा अभिलेख कक्षात जमिनीचे अकृषिक आदेश सापडतात. १९०८ चे जुने जिल्हा गॅझेटिअर पाहिल्यास त्या वेळच्या कापसाच्या व्यापाराचे चित्र कळते. शाळांनी आपल्या गावापुरते काम घ्यावे. एका यंत्रास एक कागद पुरे : यंत्र कोठे आहे, चौकटीवरील अक्षरे जशीच्या तशी, रोलर किती व त्यांची लांबी, शक्ती कशाची होती, वाफेची, तेलाची की विजेची, आणि ते शेवटी कोणत्या हंगामात चालले. चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे व त्यात एक मोजपट्टी ठेवावी. मालकाची परवानगी लेखी घ्यावी. चालू कारखान्यात पट्टे फिरत असताना विद्यार्थ्यांना आत नेऊ नये. जिनिंगमधील अपघात व आगी या ऐकीव गोष्टी नव्हेत.

यंत्रांवर काम केलेली माणसे हा सर्वांत लवकर नाहीसा होणारा दस्तऐवज आहे. जिनवर ओंजळीने कापूस घालणाऱ्या स्त्रिया, शाफ्टला तेल देणारे तेलवाले, गठाण शिवणारे हमाल यांना यंत्राच्या भागांची जी नावे ठाऊक आहेत ती कोणत्याही सूचिपत्रात नाहीत. ती त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावीत, शुद्ध करू नयेत.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या, विज्ञान वा हस्तव्यवसायावर प्रकाश टाकणाऱ्या वस्तूंचाही समावेश होतो. याचा अर्थ प्रत्येक जुन्या जिनची नोंदणी सक्तीची आहे असा नव्हे. सक्तीची नोंदणी अधिसूचित प्रकारांपुरतीच आहे. परंतु शतक ओलांडलेले यंत्र विकण्यापूर्वी मालकाने पुरातत्त्व विभागाचा सल्ला घेतल्यास हिताचे होईल.

जतनाचा खर्च हा खरा अडसर आहे. बारा जिन ठेवण्यास जागा लागते व लोखंडाचा भाव मालकाला दिसत असतो. म्हणून बाराही जपा असे कोणी म्हणू नये. एक एकेरी जिन, एक दुहेरी, खुणांचे साचे आणि एक तोलकाटा एवढे जरी बाजार समितीच्या आवारात किंवा शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले, तरी पुरे. अरुंद मार्गाच्या रेल्वेसाठी नागपूरला २००२ पासून संग्रहालय आहे. ज्या कापसासाठी असे मार्ग पडले त्याच्या यंत्रांचा एखादा कोपरा यवतमाळात असणे अवघड नाही. हंगाम संपल्यावर, चैत्र-वैशाखात, जिनिंगची साफसफाई होते व भंगाराची गाडी येते ती त्याच दिवसांत. शाळांना सुटी लागण्यापूर्वी नोंदीचे काम उरकले तर ते वेळेवर झाले असे म्हणता येईल.